घरच्यांच्या नावाचे डाव

टर्की कापायची कोणी, इथूनच बिनसायला सुरुवात झाली.

दरवर्षी ती ऑर्व्हल कापायचा. घरचा कर्ता तो, आणि सुरीही त्याच्या बापाची. पण ऑर्व्हल आमच्या शाळेच्या फुटबॉलचा कोच, तोही चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा. यंदा थँक्सगिव्हिंगच्या सकाळी तो मैदानावर होता आणि त्याचा आनंद अख्ख्या पिंटो वेल्सला झाला होता. आमच्याकडे त्या सकाळी ज्या शाळेची पोरं मैदानात घाम गाळतात, ती शाळा बाद फेरीत अजून जिवंत आहे असं समजायचं. बाकीच्या गावांतली पोरं तेव्हा गादीत लोळत असतात आणि त्यांचे कोच बायकोच्या हाताखाली बटाटे सोलत असतात. थँक्सगिव्हिंगला बटाटे सोलणारा कोच म्हणजे आमच्या टेक्ससमधली सगळ्यांत केविलवाणी गोष्ट.

"बारा वाजून गेले," बर्डी म्हणाली. ही ऑर्व्हलची थोरली बहीण. सकाळपासून स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती आणि तिथूनच सगळा स्वयंपाक करत होती, म्हणजे तोंडाने. "नेडीन, टर्की कोरडी पडणार हं. मी आपलं सांगून ठेवलं. नाहीतर उद्या म्हणशील, बर्डी काही बोलली नाही."

"असं आजवर कधी म्हणाले नाही मी," नेडीन म्हणाली आणि ओव्हनचं दार लावलं.

नेडीनचं लक्ष टर्कीत नव्हतंच. तिच्या डोक्यात उद्याचा सामना होता. त्या सामन्यात आपला नवरा हरावा, अशी प्रार्थना ती आठवडाभर करत होती.

ऐकायला वाईट वाटतं, पण बाईची बाजूही ऐकून घ्या. पाच वर्षांपूर्वी तिच्या लेकीने, डेल्फाने, लग्नासाठी मुलगा आणला तो नेमका हार्डनच्या शाळेचा कोच निघाला. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे तो गळ्यात शिट्टी घालून आला. साखरपुड्याच्या जेवणात ऑर्व्हल उठला आणि शंभर माणसांदेखत म्हणाला, "ज्या दिवशी घरच्या माणसाकडून हरेन, त्या दिवशी ही शिट्टी काढून ठेवीन. परत गळ्यात घालायची नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायला काय जातंय? तेव्हा हार्डनचा संघ इतका रडका होता की त्यांची आमच्याशी गाठ पडायची शक्यताच नव्हती. पण लॅनीने त्या रडक्या पोरांचा बघता बघता संघ करून दाखवला, आणि उद्या दुपारी बाद फेरीत सासरा विरुद्ध जावई असा सामना लागला. ऑर्व्हल हरला तर त्याची कोचगिरी संपली. ती शपथ विसरलेला माणूस पिंटो वेल्समध्ये शोधून सापडला नसता. विसरलेच असते कोणी, तर पेपरवाल्याने बुधवारी चौकटीत छापून आठवण करून दिली होती.

आणि नेडीनला तो घरी हवा होता. लग्नानंतर तो तिला मधुचंद्राला म्हणून घेऊन गेला ते कोचांच्या शिबिराला. तिथे संध्याकाळी जेवताना कागदी रुमालावर पेनाने गोल आणि फुल्या काढून तिला बचावफळी समजावून सांगितली. त्यानंतर तिच्या संसारात ऑगस्ट ते डिसेंबर हे महिने आलेच नाहीत. समुद्र बघायला जायचं म्हणून चाकांवरचं एक छोटं घर घेतलं होतं, गाडीला जोडून न्यायचं. ते परसात उभं राहिलं ते राहिलंच. ऑर्व्हलने त्यात जुनी हेल्मेटं भरून ठेवली. समुद्र जिथल्या तिथे, आणि नेडीनही.

बाहेर गाडीचा आवाज आला. डेल्फा रताळ्यांचं भांडं घेऊन आत आली, आणि तिच्या मागून लॅनी, टोपी हातात धरून, तेरवीला आल्यासारखा.

"लॅनी, बाळा, जरा कोठीतून पिठाचा डबा काढून दे. माझा हात पुरत नाही," नेडीन म्हणाली.

लॅनी भला माणूस. पाद्र्याचा मुलगा. तो कोठीत शिरला, आणि त्याच्या मागून नेडीन शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

"पीठ कुठंय, मिस नेडीन?"

"पीठ मरू दे. नीट ऐक. ऑर्व्हल मैदानाच्या कडेने घरच्यांची नावं घेऊन ओरडतो ना, ते डाव असतात. 'बर्डी' म्हणाला की सगळी पोरं बोंबलत उजवीकडे धावणार, आणि चेंडू गुपचूप डावीकडून जाणार. 'डॉयल' म्हणाला की चेंडू लांब फेकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. 'डेल्फा' म्हणाला की..."

"मिस नेडीन, प्लीज!" लॅनीचा चेहरा पार उतरला. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का? पाप लागेल?"

"तुम्हाला लागेल, मॅम."

"माझं मी बघते. या माणसाबरोबर मला दिसला समुद्र तर देव मला माफ करेल, नाही दिसला तर मी देवाला करणार नाही. लक्षात राहिलं ना सगळं?"

लॅनीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून बर्डीचा आवाज आला, "अगं पीठ तिसऱ्या फळीवर असतं! आणि दोघं मिळून काय शोधताय? पीठच आहे ना?"

ऑर्व्हल आला तो साडेबाराला, चिखलाच्या बुटांसकट. गळ्यात शिट्टी. त्याने जावयाशी हात मिळवला. "लॅनी." "कोच." झालं एवढंच बोलणं. मग ऑर्व्हलने जेवणाच्या टेबलाकडे बघितलं आणि त्याला राहवेना.

"बर्डी, तू डावीकडे. रॉइस, तू टोकाला, तुला उठावं लागणार नाही. डेल्फा, तू ग्रेव्हीवर. लॅनी, ब्रेड. उजवीकडून सुरुवात, भांडं कोणी अडवून धरायचं नाही. मागच्या वर्षी रताळी तीन माणसांपुढे जायला..."

"डॅडी," डेल्फा म्हणाली, "जेवायचंय आपल्याला."

"म्हणून तर सांगतोय."

डेल्फा उठून उभी राहिली. आठवडाभर ती नवऱ्याकडून बापाबद्दल काही ऐकत नव्हती आणि फोनवर बापाकडून नवऱ्याबद्दल काही ऐकत नव्हती, आणि या दोन्ही न ऐकण्याने तिचं डोकं उठलं होतं. उद्या कुठल्या बाजूला बसणार, हे तिला चर्चमध्ये, दुकानात, दात काढायला गेली तिथेही विचारून झालं होतं. दातवाल्याने तर तिच्या तोंडात चिमटा असताना विचारलं होतं.

"माझी एकच अट आहे," ती म्हणाली. "टेबलावर फुटबॉलचा 'फ' काढायचा नाही. जो काढेल तो भांडी घासेल. आणि टर्की रॉइसकाका कापतील. म्हणजे तुम्ही दोघं सुरीवरून भांडायला नको."

यावर कोणाला बोलायला जागा नव्हती. रॉइस हा बर्डीचा नवरा, आणि जन्मल्यापासून त्याने कधी कुणाची बाजू घेतली नव्हती, बायकोची तर नाहीच. त्याने सुरी घेतली आणि बसल्या जागेवरून, हाताला येईल तेवढी टर्की कापली. पलीकडची बाजू तशीच राहिली.

मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने आभार मानायचे. रॉइसने सुरुवात केली. "बसायला चांगली खुर्ची मिळाली. आमेन." डेल्फाने तब्येतीचे आणि शांततेचे आभार मानले आणि बापाकडे बघितलं. मग बर्डीची पाळी आली, आणि तिने हातरुमाल काढला तेव्हाच ऑर्व्हलने चमचा खाली ठेवला.

"मी माझ्या भावाचे आभार मानते," बर्डी म्हणाली. "आईवडील गेले, आपण म्हातारे झालो. बहिणीला आजकाल कोण विचारतं? पण एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात, ऐन सामन्यात माझ्या भावाला माझी आठवण येते. तो मोठ्याने हाक मारतो, 'बर्डी!' एकदा नाही, पाच-पाच, सहा-सहा वेळा. आणि मी उभी राहते आणि हात हलवते. तो वर बघत नाही, लाजतो. पण मला ठाऊक असतं."



ऑर्व्हल मान खाली घालून ग्रेव्हीकडे बघत राहिला. पहिल्यांदा तिने पिवळ्या कोटात उभं राहून हात हलवला, तेव्हा त्याने ठरवलं होतं की सामना झाला की सांगू. मग म्हणाला, हंगाम संपला की सांगू. मग तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तरीही ती कुबडीवर उठून हात हलवायला लागली, तेव्हा सांगायची वेळ कायमची निघून गेली. दुसरं कुठलंही नाव ठेवता आलं असतं त्या डावाला. पण पोरांना ते एकदा सांगितलं की कळायचं. त्यांनी बर्डीला चर्चच्या जेवणावळीत बघितलं होतं: सगळ्यांना आरडाओरडा करून एका बाजूला पाठवायचं, आणि आपण दुसऱ्या बाजूने केक उचलायचा.

डेल्फाला हसू आवरेना. तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, ते पाणी नाकातून आलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" बर्डी म्हणाली.

"काही नाही, आत्या. रताळं अडकलं."

"तू रताळं घेतलेलंच नाहीस." बर्डी मूर्ख मुळीच नव्हती, फक्त तिला आजवर संशय आला नव्हता. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि शेवटी नजर लॅनीवर स्थिरावली. "तू पाद्र्याचा मुलगा. खोटं बोलणार नाहीस. सांग, काय आहे?"

लॅनीचे कान लाल झाले. त्याने बायकोकडे बघितलं, तिने छताकडे बघितलं. त्याने सासऱ्याकडे बघितलं. ऑर्व्हलने मान हलवली, नको. लॅनीने डोळे मिटले.

"तो डाव आहे, मॅम," तो म्हणाला. "बर्डी नावाचा. सगळी पोरं ओरडत उजवीकडे जातात आणि चेंडू डावीकडे."

"फुटबॉल," रॉइस म्हणाला. "भांडी लॅनीची."

बर्डी उठली. मग बसली. मग परत उठली. "म्हणजे तू मला हाक मारत नव्हतास?"

"बर्डी, ऐक..."

"आणि मी हात हलवत होते! सगळ्या गावासमोर! गुडघा दुखत असताना!"

"हात दाखवून अवलक्षण," रॉइस पुटपुटला.

"तू गप्प बस! तुला माहीत होतं?"

"मला कोणी विचारलं नाही."

"आणि का हो कोच," बर्डी भावाला 'अहो' म्हणाली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, "ओरडून एकीकडे पाठवायचं आणि आपण दुसरीकडे, हा माझा स्वभाव काय? मी अशी आहे?" बोलता बोलता तिने लॅनीला 'ते मीठ दे, तिकडचं, तिकडचं' म्हणत डावीकडे वळवलं आणि उजव्या हाताने शेवटचा गरम ब्रेड उचलून आपल्या बशीत ठेवला.

उत्तर बशीत होतं.

"आणि हा?" बर्डीने नवऱ्याकडे बोट केलं. "ह्याच्या नावाचा आहे का?"

"आहे," ऑर्व्हल म्हणाला. झाकली मूठ उघडलीच होती, आता काय लपवायचं? "रॉइस म्हणजे पोराने चेंडू घ्यायचा आणि जागेवर गुडघा टेकून खाली बसायचं. काही करायचं नाही. वेळ जाऊ द्यायचा."

रॉइसने घास थांबवला. "हे कधी करता?"

"सामना जिंकल्यात जमा असला की. अगदी शेवटी."

"म्हणजे मी मैदानात आलो की आपण जिंकलेलो असतो," रॉइस म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की बर्डीला आणखीच झोंबलं.

"आणि मी, डॅडी?" डेल्फाने विचारलं. तिला नाव माहीत होतं, अर्थ कधी लागला नव्हता.

"तू म्हणजे..." ऑर्व्हलने आपल्या बशीतले ब्रेडचे दोन तुकडे घेतले आणि मीठदाणीच्या बाजूने सरकवायला लागला. "पोरगा चेंडू घेऊन सरळ या बाजूला पळतो. सगळ्यांना वाटतं, हा इकडेच जाणार. आणि शेवटच्या क्षणी उलटा फिरतो आणि भलत्याच बाजूला जातो."

"हे नाव कधी ठेवलंस?"

"तुझ्या साखरपुड्यानंतरच्या सोमवारी."

"डॅडी!"

"चांगला डाव आहे गं. दरवेळी लोक फसतात. मीही फसलो होतो."

लॅनी आतापर्यंत बशीतल्या वाटाण्यांची रांग लावत होता. त्याने हळूच विचारलं, "कोच, माझ्या नावाचा आहे?"

ऑर्व्हलने ब्रेडचे तुकडे बाजूला सारले. "आहे. तीनदा प्रयत्न करून काही होत नाही, चौथ्या खेपेला दुसरा मार्गच नसतो. तेव्हा आपल्या हातातला चेंडू आपणच लाथ मारून समोरच्याला देऊन टाकायचा. तो लॅनी."

"पंट," लॅनी म्हणाला.

"तुम्हाला दोघांना थांबायला सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, शपथ घेऊन पाहिली. तीनदा. मग देऊन टाकली." त्याने ब्रेडचा एक तुकडा परत जवळ ओढला. "लांब गेली नाही, हे बरं झालं."

डेल्फाने ग्रेव्ही उचलली आणि बापाच्या बशीत ओतली, त्याने मागितली नसताना. लॅनीला मात्र एकाएकी आपण इथे घरचे आहोत असं वाटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही लाथ खाऊन.

या सगळ्यात नेडीन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसली होती.

"माझ्या नावाचा डाव कुठला?" तिने विचारलं.

ऑर्व्हल मीठदाणी जागेवर ठेवायला लागला.

"नाही?" नेडीन म्हणाली. "डॉयलच्या नावाचा आहे. डॉयल तुझा चुलतभाऊ, तीन वर्षांत एकदा येतो आणि गाडी कुंपणात घालतो. त्याच्या नावाचा आहे. तुझे कपडे, तुझ्या पोरांचे कपडे, त्या सगळ्या चिखलाचे ढीग मी धुतले. आणि माझ्या नावाचा नाही?"

"नेडीन, डावाचं नाव म्हणजे काय," ऑर्व्हल गडबडीने म्हणाला, "मी ते ओरडलो की समोरच्याने मी सांगितलं तसं करायचं असतं. तुझं नाव ओरडून काय उपयोग? तू कधी माझं ऐकलंयस?"

बर्डीला हसू फुटलं. रागात होती तरी फुटलं. रॉइसही हसला. फक्त नेडीन हसली नाही. ऑर्व्हलचंही हसू अर्ध्यात थांबलं, कारण त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी पेटलं होतं.

"थांबा," तो म्हणाला. "लॅनी, बर्डीचा डाव तुला कसा माहीत?"

टेबलावरची हवा बदलली. बर्डी आपला राग विसरून पुढे झुकली. ऑर्व्हल लेकीकडे वळला. "डेल्फा?"

"मी? डॅडी, मी? आठवडाभर मी ह्याच्याशी हवापाण्यावर बोलतेय, तुझ्यासाठी! माझ्या घरात पावसाशिवाय विषय नाही आणि पाऊस पडलेला नाही!"

"मग कोणी..."

"मी सांगितलं," नेडीन म्हणाली.

"कधी?" बर्डीने विचारलं.

"आत्ता. कोठीत."

"तरीच पीठ सापडत नव्हतं!"

"कुंपणानेच शेत खाल्लं," रॉइस म्हणाला आणि आणखी टर्की घेतली.

ऑर्व्हल बायकोकडे बघत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, एखादं खात्रीचं पोरगं ऐन वेळी चेंडू हातातून सोडतं तेव्हा बघायचा तसा. "का गं?" तो म्हणाला.

"कारण तू हरलास की घरी येशील. मला तू घरी हवायस. तुला सांगून बघितलं, तू म्हणालास पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष येतं आणि तू परत म्हणतोस पुढच्या वर्षी. मी पण तीनदा प्रयत्न केले, ऑर्व्हल. मग दिला देऊन."

खरं म्हणजे इथे जेवण संपायला हवं होतं. पण लॅनीच्याने राहवेना. त्याने हळूच हात वर केला.

"मॅम, कोच, एक सांगू? मिस नेडीननी मला काही सांगितलंच नाही. म्हणजे सांगितलं. पण ते आमच्याकडे आधीच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. मी हार्डनला नोकरीला लागलो त्या दिवशी म्हाताऱ्या मदतनीस कोचने पहिल्यांदा हेच सांगितलं. पिंटो वेल्सशी गाठ पडली तर पिवळ्या कोटातल्या बाईकडे बघा. ती उठून हात हलवायला लागली की डावीकडे पळा. नुसतं आम्हालाच नाही, मॅम, सगळ्यांना माहीत आहे. पार पलीकडच्या जिल्ह्यापर्यंत."

बर्डी मटकन खुर्चीत बसली.

ऑर्व्हलचा आवाज खाली आला. "सगळ्यांना? कधीपासून?"

"फार आधीपासून, सर. तुमच्या वडलांच्या वेळचे लोकही सांगतात."

"आणि मी..." ऑर्व्हल थांबला.

"आणि तुम्ही जिंकत आलात," लॅनी म्हणाला. "तेच तर कोणाला कळत नाही. चेंडू कुठे जाणार हे समोरच्या सगळ्या पोरांना माहीत असतं. ती तिथे जाऊन उभी राहतात, आणि तुमची पोरं त्यांना आडवी करून जातात. मी रात्र रात्र बसून तुमच्या सामन्यांच्या फिल्म बघितल्या. त्यात गुपित काहीच नाही. तुम्ही पोरांना शिकवलंय चांगलं, एवढंच आहे."

ऑर्व्हलला काय वाटलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं कुलूप लावून ठेवलेल्या पेटीला तळच नव्हता म्हणे, आणि तरीही आतलं कोणी नेलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याने ब्रेडचा तुकडा तोंडात कोंबला.

"ठीक आहे," बर्डी म्हणाली. तिच्या पाठीचा कणा परत ताठ झाला होता. "मग उद्या मी हात हलवणारच नाही."

"तसं करू नकोस," ऑर्व्हल घाईने म्हणाला.

"की भलत्याच वेळी हलवू?" बर्डीचे डोळे चमकले. "तू 'डॉयल' म्हण, मी उठून दोन्ही हात हलवते. सगळं हार्डन डावीकडे पळेल."

"बर्डी आत्या," लॅनी म्हणाला, "मी इथेच बसलोय."

"बस की. तुला कळणार आहे का कुठला खरा आणि कुठला खोटा?"

"डॅडी, हे चालणार नाही!" डेल्फा उसळली. "माझ्या नवऱ्याची पोरं फसतील!"

"हां!" बर्डी टाळी वाजवून म्हणाली. "कळलं उद्या कुठे बसणार ते. फिरली बघ डेल्फा शेवटच्या क्षणी!"

त्या गोंधळात ऑर्व्हल उठला, स्वतःची बशी उचलली आणि स्वयंपाकघरात गेला. या घरात त्याने स्वतःची बशी उचलल्याचं कोणी बघितलं नव्हतं, त्यामुळे बर्डीची पुढची टाळी अर्ध्यावरच राहिली.

थोड्या वेळाने नेडीन आत गेली. तो नळापाशी उभा होता, बशी हातात, पुढे काय करायचं ते न कळून. तिने ती त्याच्या हातातून घेतली, घासली, आणि पुसायला परत त्याच्या हातात दिली.

"रागावलास?"

"हो." त्याने बशी पुसली, दोन्ही बाजूंनी, मग परत पहिल्या बाजूने. "नाही. ठाऊक नाही. आज मी रॉइसला टेबलाच्या टोकाला नेमलं, लेकीला ग्रेव्हीवर नेमलं. बघितलंस ना? घरी येऊन मी काय करणार, नेडीन? तुला सकाळी शिट्टी वाजवून उठवणार? मला दुसरं काही येत नाही. मला भीती वाटते."

हे तो आजवर कधी बोलला नव्हता, आणि नेडीनला त्याच्यावर एकदम माया आली. त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, पण हात साबणाचे होते.

"बाबाही कोचच होते. त्यांनी शिट्टी काढली आणि पुढच्या महिन्यात गेले," तो म्हणाला.

"तुझे बाबा रोज डुकराच्या चरबीत तळलेलं खायचे आणि डॉक्टरला शिव्या द्यायचे. शिट्टीने कोणी मरत नाही."

"उद्या मी मुद्दाम हरणार नाही. त्या पोरांच्या तोंडाकडे बघून मला ते जमणार नाही."

"मी कुठे म्हणते?" नेडीनने पुढची बशी घेतली. "माझं चुकलं. तू हरलास की मग, असं मी धरून बसले होते. तुझ्यासारखीच झाले मी, सगळं सामन्यावर. आता नाही. जिंक, हर, काय वाटेल ते कर. मी शनिवारी सकाळी समुद्रावर निघालेय. त्या चाकांवरच्या घरातली हेल्मेटं मी काल काढून गॅरेजमध्ये टाकली. चादरी घातल्या."

"शनिवारी सकाळी सामन्याची फिल्म बघायची असते."

"असते ना."

"जिंकलो तर पुढच्या सामन्याची तयारी शनिवारीच सुरू होते. मदतनीस आहे म्हणा, पण..." तो अडखळला. "एकटी जाशील? ते घर गाडीला जोडून मागे घेता येतं तुला?"

"मागे कशाला घेऊ? मला पुढे जायचंय."

बाहेर बर्डी सगळ्यांना ओरडून सांगत होती की कॉफी त्या बाजूला आहे. ऑर्व्हल हातातली बशी पुसत राहिला. ती कधीच कोरडी झाली होती. या गावातल्या प्रत्येक पोराला, प्रत्येक मास्तराला, बसच्या ड्रायव्हरला, चर्चमधल्या पाद्र्यालाही आजवर त्यानेच वेळ दिली होती: इतक्याला या, इतक्याला निघू, उशीर चालणार नाही. त्याने बशी फळीवर ठेवली, चुकीच्या फळीवर.

"किती वाजता?" तो म्हणाला.

नेडीनने नळ बंद केला. "काय म्हणालास?"

"शनिवारी. किती वाजता निघायचं?"